उणीव, तूट आणि भरपाई: इंग्रजी मोडल क्रियापदांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढांना इंग्रजी लिहायला शिकवताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकावे लागले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मोडल क्रियापदे म्हणजे ‘कॅन’, ‘मे’, ‘शुड’, ‘विल’ यांसारखे शब्द, जे मुख्य क्रियापदाच्या आधी येऊन शक्यता, बंधन किंवा वचन दाखवतात. विचारणाऱ्यांत सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील पर्यवेक्षक आहेत, द्राक्ष निर्यात करणाऱ्या कुटुंबांतील मुले आहेत आणि नोकरी सांभाळून पदवी घेतलेल्या गृहिणीही आहेत. इंग्रजी वाक्ये वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीतच लिहिली आहेत.

मोडल क्रियापदे तर शाळेतच शिकलो. मग फक्त भरपाईच्या क्रियापदांसाठी वेगळी चर्चा कशाला?

नुकसान, चूक किंवा उणीव यांविषयी लिहिताना वाचणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात. काय कमी पडले हे त्याला कळायला हवे, आणि त्याचे आता तुम्ही काय करणार हेही कळायला हवे. पहिली गोष्ट साध्या नामाने सांगता येते, पण दुसरी पूर्णपणे मोडल क्रियापदावर उभी असते. ‘विल’च्या जागी ‘वुड’ पडला किंवा ‘शुड’च्या जागी ‘मे’ आला, की व्याकरण शाबूत राहूनही वचन बदलते.

मराठी माणसाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. आपल्याकडे हा सगळा अर्थ क्रियापदाच्या शेवटी येतो. भरून काढीन, भरून काढता येईल, भरून काढावे लागेल, भरून काढायला हवे होते, भरून काढले असेल, ही पाच रूपे आपण विचार न करता बोलतो. इंग्रजीत या प्रत्येकासाठी क्रियापदाच्या आधी वेगळा शब्द निवडावा लागतो आणि क्रियापदानंतर बहुतेक वेळा ‘फॉर’ सांभाळावा लागतो. डोक्यात मराठी वाक्य तयार करून ते इंग्रजीत उतरवणारा माणूस या दोनपैकी एका टोकाला हमखास अडखळतो.

मोडलनंतर क्रियापदाचे कोणते रूप येते?

मूळ रूप येते. कर्ता कोणीही असला तरी त्याला ‘एस’ लागत नाही, मध्ये ‘टू’ येत नाही आणि ‘आयएनजी’ही येत नाही. ‘शी कॅन मेक अप फॉर इट’, म्हणजे ती ते भरून काढू शकते, हे बरोबर आहे, ‘शी कॅन मेक्स अप फॉर इट’ चूक आहे. याला अपवाद ‘ऑट टू’चा, कारण त्याचा ‘टू’ त्याच्यासोबतच येतो.

‘भरून काढू शकेल’ आणि ‘भरून काढावे लागेल’ कसे लिहावे? ‘विल कॅन’ आणि ‘विल मस्ट’ का चालत नाही?

मराठीतील ‘शकणे’ आणि ‘लागणे’ ही पूर्ण क्रियापदे आहेत, म्हणून ती तिन्ही काळांत चालतात. इंग्रजीतील ‘कॅन’ आणि ‘मस्ट’ यांना भविष्यकाळाचे रूपच नाही, आणि प्रमाण इंग्रजीत दोन मोडल शेजारी शेजारी बसत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या मोडलच्या जागी त्याच अर्थाचा शब्दसमूह घ्यावा लागतो. ‘शकेल’साठी ‘विल बी एबल टू’ आणि ‘लागेल’साठी ‘विल हॅव टू’ लिहावे. ‘वी विल हॅव टू मेक अप फॉर द लॉस्ट डे’, म्हणजे बुडालेला दिवस आपल्याला भरून काढावा लागेल.

एकदा हे जमले की पुढची रूपे आपोआप सुटतात. ‘कदाचित भरून काढावे लागेल’ हे ‘मे हॅव टू मेक अप फॉर’ होते, आणि ‘भरून काढता आले पाहिजे’ हे ‘शुड बी एबल टू मेक अप फॉर’. मात्र उद्या-परवाच्या साध्या शक्यतेसाठी नुसता ‘कॅन’ पुरतो, हेही लक्षात असू द्यावे. ‘आय कॅन मेक अप फॉर इट टुमॉरो’ हे वाक्य पूर्ण शुद्ध आहे.

‘मेक अप’, ‘मेक अप फॉर’ आणि ‘मेक इट अप टू’ यांत फरक काय?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक वर्गांत ही तिन्ही रूपे एकाच अर्थाची म्हणून शिकवली जातात.

जी वस्तू कमी पडली तीच वस्तू परत भरायची असेल, तर नुसते ‘मेक अप’ चालते. मिनिटे कमी पडली आणि मिनिटेच भरून काढली, पैसे कमी पडले आणि पैसेच घातले, कामाचे तास बुडाले आणि तेवढे तास काम केले, अशा ठिकाणी ‘मेक अप द टाइम’, ‘मेक अप द डिफरन्स’, ‘मेक अप द अवर्स’ म्हणतात. कमी पडलेल्या वस्तूच्या बदल्यात वेगळेच काही द्यायचे असेल, तर ‘मेक अप फॉर’ लागते. हॉटेलात खोली लहान मिळाली, पण जेवण उत्तम होते, तर ‘द फूड मेड अप फॉर द स्मॉल रूम’. जेवणाने खोली मोठी होत नाही. तिच्या लहानपणाची बोच तेवढी कमी होते. ‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’ हा रूढ प्रयोग या विभागणीत नीट बसत नाही, पण तो सर्वत्र चालतो.

नाशिक रोडहून सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना हा फरक समजावणे सोपे जाते. गाडी उशिरा सुटली की डब्यात पहिला प्रश्न असतो, ‘कल्याणपर्यंत वेळ भरून काढेल का?’ इंग्रजीत हा प्रश्न ‘विल इट मेक अप द टाइम?’ असा होतो, ‘फॉर’शिवाय, कारण मिनिटेच परत मिळवायची आहेत. परतीच्या प्रवासात मोडलची निवडही याच गाडीवर शिकता येते. कसारा ते इगतपुरी या घाटातला चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे आणि तेथे गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. म्हणून ‘इट कान्ट मेक अप टाइम इन द घाट’ असे निश्चयाने म्हणावे, आणि इगतपुरी मागे पडल्यावर ‘इट माइट मेक अप फाइव्ह मिनिट्स बिफोर नाशिक रोड’ अशी आशा धरावी.

सर्वनामाची जागाही पाहावी. ‘आय विल मेक इट अप ऑन फ्रायडे’ म्हणजे आज बुडालेले तास मी शुक्रवारी भरीन. येथे ‘इट’ मध्ये बसते. ‘फॉर’ आला की ‘इट’ शेवटी जाते आणि ‘आय विल मेक अप फॉर इट’ असे वाक्य होते. ‘मेक इट अप फॉर’ असे तुकडे करू नयेत.

‘मेक इट अप टू’ नंतर मात्र माणूस येतो. बहिणीच्या साखरपुड्याला जाता आले नाही आणि तिचा रुसवा काढायचा आहे, तर ‘आय विल मेक इट अप टू यू’ हेच वाक्य हवे. मराठीत यासाठी एक ठरलेला शब्द नाही. ‘ताई, मी याची भरपाई करीन’ म्हटले तर ते कोर्टातले वाक्य वाटते. आपण ‘पुढच्या वेळी आठ दिवस राहायला येते’ असे प्रत्यक्ष काय करणार तेच सांगतो, आणि म्हणूनच हा इंग्रजी प्रयोग आपल्याला सहजी सुचत नाही.

‘कॉम्पेन्सेट’, ‘ऑफसेट’, ‘मेक गुड’, ‘अटोन’ यांपैकी केव्हा काय वापरावे?

कशाची भरपाई करायची आहे, यावर क्रियापद ठरते. आकड्यात मोजता येणारी तूट म्हणजे ‘शॉर्टफॉल’, तिच्यासाठी ‘मेक अप’ किंवा ‘मेक गुड’. माणसातील किंवा व्यवस्थेतील उणीव म्हणजे ‘शॉर्टकमिंग’, तिच्यासाठी ‘मेक अप फॉर’, आणि ती मुळातूनच दूर करायची असेल तर ‘ओव्हरकम’ किंवा ‘रेमेडी’. एका बाजूचा तोटा दुसऱ्या बाजूच्या फायद्याने कमी होतो तेव्हा ‘ऑफसेट’. पाप किंवा गंभीर अपराध याचे प्रायश्चित्त म्हणजे ‘अटोन फॉर’. ऑफिसला दहा मिनिटे उशीर झाल्याबद्दल ‘आय मस्ट अटोन’ लिहिणे म्हणजे किरकोळ कामासाठी यज्ञ मांडण्यासारखे आहे.

‘कॉम्पेन्सेट’ची रचना दुहेरी आहे. नंतर माणूस आला तर मध्ये काही लागत नाही, नुकसान आले तर ‘फॉर’ लागतो: ‘द कंपनी मस्ट कॉम्पेन्सेट द ग्रोअर्स फॉर द लॉस’. ‘ऑफसेट’ला ‘फॉर’ कधीच लागत नाही, आणि त्याची तिन्ही रूपे सारखीच असतात, म्हणून ‘ऑफसेटेड’ लिहू नये.

‘कॅन’, ‘मे’, ‘शुड’ आणि ‘विल’ यांत नेमके किती अंतर आहे?

नाशिक शहराला पाणी पुरवणाऱ्या गंगापूर धरणाचे उदाहरण घेऊ. जून कोरडा गेला आहे आणि सगळ्यांचे डोळे पुढच्या पावसाकडे लागले आहेत.

‘ऑगस्ट रेन कॅन मेक अप फॉर अ ड्राय जून’ हे सर्वसाधारण विधान आहे. ऑगस्टच्या पावसात ती ताकद असते एवढेच ते सांगते, यंदाबद्दल काहीच सांगत नाही. ‘मे मेक अप’ म्हटले की आपण यंदाविषयी बोलू लागतो, पण खात्री देत नाही. ‘माइट’मध्ये आशा आणखी क्षीण होते. ‘शुड मेक अप’ म्हणजे सगळी चिन्हे अनुकूल आहेत, आता भरून निघायला हवे. येथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘भरून निघायला हवे’ या आपल्या प्रयोगातही ‘शुड’सारखेच दोन अर्थ नांदतात, एक कर्तव्याचा आणि एक अपेक्षेचा, त्यामुळे ‘शुड’ मराठी माणसाला इतर मोडलपेक्षा लवकर कळतो. ‘विल मेक अप’ हे पावसाच्या वतीने दिलेले वचन झाले, आणि पावसाच्या वतीने वचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही. वर्गात ‘विल’ लिहिणाऱ्यांना मी एवढेच विचारते की हे तुमच्या हातात आहे का. जे आपल्या हातात आहे त्यासाठी ‘विल’, जे नाही त्यासाठी ‘शुड’, ‘मे’ किंवा ‘माइट’, असा नियम मी स्वतः पाळते.

भरपाई अपुरी किंवा पुरून उरणारी असेल तर तेही सांगता येते. ‘मे पार्टली ऑफसेट’ म्हणजे काही अंशी भरून निघू शकेल. ‘विल मोअर दॅन मेक अप फॉर’ म्हणजे भरून निघून वर शिल्लक राहील. यात ‘मोअर दॅन’ मोडल आणि क्रियापद यांच्या मध्ये बसते. ‘मे गो सम वे टुवर्ड्स मेकिंग अप फॉर’ यात ‘मेकिंग’ आले ते ‘टुवर्ड्स’मुळे, मोडलमुळे नव्हे.

झालेल्या गोष्टीविषयी लिहिताना ‘कुड’ चालतो का?

नकारात बिनधास्त चालतो. ‘आय कुडन्ट मेक अप फॉर द लॉस्ट मार्क्स’ बरोबर आहे. होकारात सावध राहावे. एका विशिष्ट वेळी प्रयत्न करून भरून काढता आले असेल, तर ‘आय वॉज एबल टू मेक अप फॉर देम’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू’ लिहावे. नुसता ‘कुड’ त्या वेळी अंगात क्षमता होती एवढेच सांगतो, काम पार पडले असे सांगत नाही. मराठी ‘शकलो’मध्ये काम पार पडलेले असते, म्हणून ही चूक आपल्याकडून वारंवार होते.

घडून गेलेल्या गोष्टीवर आजचे मत द्यायचे असेल तर मोडलनंतर ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप येते. ‘शुड हॅव मेड अप फॉर’ म्हणजे भरून काढायला हवे होते, पण काढले नाही. ‘कुड हॅव मेड अप फॉर’ म्हणजे भरून काढता आले असते, आणि ‘मस्ट हॅव मेड अप फॉर’ म्हणजे भरून काढले असणार, असा आपला तर्क आहे. पहिली दोन वाक्ये तक्रारीच्या पत्रात हमखास लागतात.

नुकसानीविषयी ग्राहकाला किंवा व्यापाऱ्याला पत्र लिहिताना ‘विल’ लिहावे की ‘वुड’?

निफाड तालुक्यातील एक विद्यार्थी एकदा परदेशी खरेदीदाराला लिहिलेल्या पत्राचा कागद घेऊन आला. फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसाने घडांतले मणी तडकले होते, त्यातली काही पेट्यांची द्राक्षे पोहोचेपर्यंत खराब झाली होती, आणि शिवाय ठरल्यापेक्षा माल कमी गेला होता. कागदाला घडीवर कात्रे पडले होते, कारण तो घरात सगळ्यांनी वाचला होता. वाक्य असे होते, ‘वी वुड कॉम्पेन्सेट यू फॉर द डॅमेज्ड बॉक्सेस.’ ‘वुड’ हा ‘विल’पेक्षा अधिक नम्र आहे असे त्याला शाळेपासून वाटत आले होते. खरेदीदाराने उलट विचारले होते की कोणत्या अटीवर.

त्या खरेदीदाराचे काही चुकले नव्हते. ‘वुड’ विनंती करताना नम्र असतो, ‘वुड यू सेंड’ किंवा ‘आय वुड लाइक’ यांत तो शोभतो. स्वतःच्या वचनात मात्र तो एक न लिहिलेली अट घेऊन येतो, जणू पुढे ‘जर अमुक झाले तर’ असे म्हणायचे राहिले आहे. साध्या भविष्यकाळासाठी ‘वुड’ लिहिण्याची सवय आपल्या देशात फार पसरली आहे आणि व्यवहाराच्या पत्रात तिने खरोखर नुकसान होते. आम्ही ते वाक्य दोन भागांत लिहिले: ‘वी विल कॉम्पेन्सेट यू फॉर द डॅमेज्ड बॉक्सेस. द नेक्स्ट शिपमेंट शुड मेक अप द शॉर्टफॉल.’ पैसे देणे त्याच्या हातात होते म्हणून तेथे ‘विल’ आले. पुढच्या खेपेत माल पुरा भरणे हे हवामानावर आणि शेजारच्या बागांवरही अवलंबून होते, म्हणून तेथे ‘शुड’ ठेवला. दुसऱ्या वाक्यात ‘फॉर’ नाही, कारण कमी पडलेल्या पेट्यांच्या जागी पेट्याच जाणार होत्या. ‘शुड’ने पत्र दुबळे दिसेल अशी भीती त्याच्या वडिलांना होती. माझे मत उलट आहे. ज्या पत्रात प्रत्येक ओळीत ‘विल’ असते, त्यातल्या एकाही ‘विल’वर अनुभवी व्यापारी विश्वास ठेवत नाही.

‘वी मे कॉम्पेन्सेट’ असे उत्तर तुम्हाला आले, तर ते वचन समजू नये. त्याचा अर्थ ‘देऊ, किंवा न देऊ’ एवढाच आहे.

करारात ‘शॅल’ का असतो?

कायद्याच्या आणि कराराच्या भाषेत ‘शॅल’ भविष्यकाळ दाखवत नाही, तो बंधन दाखवतो. ‘द सप्लायर शॅल मेक गुड द शॉर्टफॉल’ म्हणजे तूट भरून देणे पुरवठादारावर बंधनकारक आहे. रोजच्या पत्रात ‘शॅल’ वापरण्याची गरज नाही. कायद्यात हेच काम प्रत्येक वेळी मोडलनेच होते असेही नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७३ मध्ये करारभंगाची भरपाई सांगताना नुकसान सोसणाऱ्याला ती मिळण्याचा हक्क आहे अशी रचना आहे, म्हणजे देणाऱ्याच्या बंधनाऐवजी घेणाऱ्याचा हक्क पुढे ठेवला आहे.

मुलाखतीत स्वतःची उणीव कशी सांगावी?

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेले अनेक जण हा प्रश्न विचारतात, कारण नियमित महाविद्यालयाचा अनुभव नसल्याची त्यांना चिंता असते. आधी उणीव साध्या वाक्यात मान्य करावी: ‘आय हॅव नॉट वर्क्ड विथ धिस सॉफ्टवेअर’. मग आतापर्यंतच्या कामाविषयी ‘कॅन’ किंवा ‘शुड’ वापरावा: ‘माय टेन इयर्स ऑन द शॉप फ्लोअर शुड मेक अप फॉर दॅट’. शेवटी स्वतःच्या कृतीसाठी ‘विल’ ठेवावे: ‘आय विल लर्न इट इन द फर्स्ट मंथ’. ‘माय एक्स्पीरियन्स विल मेक अप फॉर एव्हरीथिंग’ असे मोठे वाक्य टाळावे, कारण अनुभव पुरेसा आहे की नाही हे समोरचा ठरवणार आहे. आणि दहा वर्षे नोकरी सांभाळून मिळवलेली पदवी ही उणीव नाही. तिच्यासाठी ‘मेक अप फॉर’ वापरूच नये.

‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांत गोंधळ होतो.

‘यू नीड नॉट मेक अप द अवर्स’ म्हणजे तास भरून द्यायची गरज नाही. ‘यू मस्ट नॉट मेक अप द अवर्स’ म्हणजे तास भरून देण्यास मनाई आहे. कारखान्याच्या सूचनाफलकावर दुसरे वाक्य लागले, तर सवलत समजून थांबलेल्या कामगारांना ते दटावल्यासारखे वाटेल. ‘डोन्ट हॅव टू’ हा ‘नीड नॉट’इतकाच सुरक्षित आहे.

‘भरून निघणे’ इंग्रजीत कसे सांगावे?

मराठीत भरून काढणे आणि भरून निघणे अशी जोडी आहे, आणि दुसऱ्यात करणारा कोण हे सांगावे लागत नाही. इंग्रजीत ‘मेक अप फॉर’ला अशी जोडी नाही. एक वाट कर्मणी प्रयोगाची आहे: ‘द लॉस कॅन बी मेड अप फॉर’, ‘द शॉर्टफॉल कॅन बी मेड गुड’, ‘द राइज इन कॉस्ट्स कॅन बी ऑफसेट’. पहिल्या वाक्यात शेवटी लोंबकळणारा ‘फॉर’ पाहून अनेक जण तो खोडतात. तो खोडू नये. दुसरी वाट अधिक स्वाभाविक आहे, ती म्हणजे जे भरून काढते त्यालाच कर्ता करणे: ‘अ गुड ऑनियन प्राइस माइट मेक अप फॉर द ग्रेप लॉस’. कांद्याचा भाव चांगला मिळाला तर द्राक्षाचे नुकसान भरून निघेल, हे आपल्याकडे घराघरांत बोलले जाणारे वाक्य इंग्रजीत असेच नेमके बसते.

शोकसंदेशात ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ कशी लिहावी?

‘द गॅप विल नॉट बी फिल्ड अप’ असे लिहिलेले मी पाहिले आहे, आणि लिहिणाऱ्याच्या दुःखाविषयी शंका नसतानाही ते रिक्त पदाच्या सूचनेसारखे वाचले जाते. ‘नथिंग कॅन मेक अप फॉर हिज अ‍ॅब्सेन्स’ हे साधे वाक्य पुरेसे आहे. येथे ‘विल’पेक्षा ‘कॅन’ बरा, कारण भरून निघण्याची शक्यताच नाही असे म्हणायचे आहे. मदत करायची इच्छा असेल तर पुढच्या ओळीत ती ‘विल’ने सांगावी, आणि जे खरोखर करणार तेवढेच लिहावे: ‘आय विल कम ऑन संडे’.